न पाठवलेलं रीळ

पत्र्याच्या पेटीत चौदा डबे होते. त्यातल्या तेरा डब्यांना नेहमीचा धुळीचा नि मशीनच्या तेलाचा वास होता. चौदाव्याचं झाकण शांतम्मानं फिरवलं तशी नाकाला झणका बसला. शिरक्याचा वास. लोणच्याची बरणी कलंडावी तसा.

तिनं झाकण घाईनं बंद केलं आणि नातीला हाक मारली. सृष्टी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि म्हणाली, "आज्जी, जुन्या फिल्मला हा रोगच लागतो म्हणे. एकदा वास सुटला की फिल्म आकसते, ताठ होते, मग तिचे तुकडे पडतात."

"मग किती दिस ऱ्हाती?"

"नेम नाही. पण ती परत सुधरत नाही, एवढं नक्की."

शांतम्माला दोन दिवस जेवण गेलं नाही. मुलगा संगमेश म्हणाला, दवाखान्यात दाखवून आणू. तिनं मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी संगमेश दुकानात गेल्यावर तिनं सृष्टीला खोलीत घेतलं आणि दाराला कडी लावली.

"मला एक मानूस हुडकून दे. आनंदराज नाव. शहात्तर साली देगलूरला पाटबंधारे खात्यात होता. बाकी काय ठाऊक न्हाई."

"कोण आहेत ते?"

"ह्या रिळाचे मालक. चुकून आपल्याकडं आलं होतं."

एवढं खरं होतं. पुढचं तिनं सांगितलं नाही.

शांतम्मा मूळची उदगीरची. अठराव्या वर्षी लग्न होऊन लातुरात आली. गंजगोलाईच्या बाजारात नवऱ्याचं, मलप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. मलप्पांना सिनेमाचा भारी शौक. पण घरच्या बायकांनी टॉकीजची पायरी चढायची नाही, हा सासूबाईंचा हुकूम. त्र्याहत्तर साली औशाचे एक डॉक्टर बदली होऊन गेले, तेव्हा त्यांचा घरगुती प्रोजेक्टर मलप्पांनी विकत घेतला. शिवणयंत्राच्या डोक्याएवढं यंत्र, आणि त्यात चालणारी फिल्म करंगळीच्या नखाएवढी रुंद. आठ मिलिमीटर.

फिल्मा पोस्टानं यायच्या. मुंबईची एक कंपनी सहा महिन्यांनी सूचीपत्र धाडायची. त्यात मोठ्या सिनेमातून कापून काढलेली दहा-दहा मिनिटं असत, विनोदी धडपडी असत, जंगलातले प्राणी, केदारनाथची यात्रा, सर्कस असं काय काय असे. कार्डावर नंबर लिहून टाकायचा की पंधरा दिवसांत व्ही.पी. पार्सल दारात, पैसे पोस्टमनच्या हातात. ज्यांच्याकडे कॅमेरा असे ते आपली स्वतःची फिल्म त्याच कंपनीला पाठवत. कंपनी ती धुऊन, रिळावर चढवून परत करी. अशी माणसं त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता यंत्र चालवायचं कुणी? दुकानातला नोकर शिकला असता, पण परका पुरुष अंधाऱ्या माजघरात बायकांमध्ये कसा बसणार? मग मलप्पांनी शांतम्मालाच शिकवलं. दर सोमवारी दुपारी खिडक्यांना वाकळा लावून ती खेळ करायची. आळीतल्या पंचवीस-तीस बाया दाटीवाटीनं बसत. फिल्मला आवाज नसे, मधली अक्षरं इंग्रजी, तेव्हा गोष्टही तीच सांगे. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, म्हणून कंपनीशी पत्रव्यवहारही तिच्याकडेच आला. येणारं प्रत्येक पत्र आधी तिच्या हातात पडायचं.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात तिला पहिली मुलगी झाली आणि नऊ दिवसांत गेली. सोमवारचे खेळ थांबले. सहा महिन्यांनी मलप्पांनीच आग्रह करून तिला एक नवं रीळ मागवायला लावलं. डब्यावर सर्कशीतल्या हत्तीचं चित्र होतं. आत हत्ती नव्हता. रंगीत फिल्म होती, पन्नास फूट, चालवली तर जेमतेम चार मिनिटांची. एक सारवलेलं अंगण, भिंतीजवळ निळा झेंडा, ज्वारी पाखडणारी म्हातारी, आणि एक तरुण बाई. कडेवर तीन-चार महिन्यांचं लेकरू. भर उन्हात ती लेकराला घेऊन हसत हसत थेट शांतम्माकडे चालत येत होती.

त्या दिवशी शांतम्मानं ते रीळ पाच वेळा चालवलं.

मलप्पांच्या सांगण्यावरून तिनं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, चूक आमचीच आहे, तुमची फिल्म सोबत पाठवीत आहोत, ग्राहकाची फिल्म कृपया परत करावी. शांतम्मानं पार्सल बांधलं. पत्ता लिहिला. मग पार्सल सोडलं आणि रीळ पेटीच्या तळाशी ठेवलं. मलप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "टाकलं की पोस्टात."

चार महिन्यांनी दुसरं पत्र आलं. ते तिनं कुणालाही दाखवलं नाही, फाडलंही नाही. गेली एकोणपन्नास वर्षं ते तिच्या लुगड्यांच्या घडीत होतं.

सृष्टीला माणूस शोधायला अकरा दिवस लागले. देगलूरच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याकडून नंबर मिळाला तो आनंदराजांच्या मुलीचा. लुंबिनी नाव, नांदेडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. सृष्टीनं फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. रिळाचं सांगितलं.

"त्यात बाई आहे का एक?" लुंबिनीनं विचारलं. "आणि लहान बाळ?"

"हो."

"ते बाळ म्हणजे मी." तिचा आवाज फाटला. "माझ्या आईचा एकही फोटो नाही हो घरात. तुम्ही देवासारखे भेटलात."

शांतम्मा पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं ते फोन संपला तरी सुटलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी एस.टी.नं नांदेडला निघाल्या. संगमेश गाडीनं सोडायला तयार होता. तिनं त्याला नको म्हटलं. मुलासमोर जे बोलायचं नव्हतं तेच बोलायला ती चालली होती. प्रोजेक्टरची पिशवी सृष्टीच्या पायाशी, आणि डबा शांतम्माच्या मांडीवर, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या स्टीलच्या टिफिनात. चाकूर गेलं. अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली आणि पत्रा असा तापला की सृष्टी म्हणाली, खाली उतरू. शांतम्मा हलली नाही. तिनं नॅपकिनवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि टिफिन सावलीच्या बाजूला धरून बसली. आत ओल जाता कामा नये, उष्णताही लागता कामा नये. दर पाच मिनिटांनी ती टिफिनाला गाल लावून पाहत होती.

लोहा मागे पडलं तेव्हा सृष्टीनं विचारलं, "आज्जी, एवढी का घाबरलीस? चांगलंच काम करायला चाललोय ना?"

शांतम्मानं नॅपकिनवर पुन्हा पाणी ओतलं.

नांदेडात तरोड्याच्या बाजूला लुंबिनीचं घर होतं. तिनं आत घेतलं, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. भिंतीला टेकून खाटेवर आनंदराज बसले होते. पांढरा स्वच्छ शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. शांतम्मा त्यांना ओळखत नव्हती. फिल्म त्यांनीच काढलेली, तेव्हा ते तिच्यात कुठेच नव्हते.

"पप्पांना दिसत नाही," लुंबिनी हळूच म्हणाली. "काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता. दुसरा अडीच वर्षांपूर्वी गेला."

शांतम्मानं मनात हिशेब केला. अडीच वर्षं. तीन वर्षांपूर्वी ती अशीच या गाडीत बसली असती तर. लातूर ते नांदेड, चार तासांची तर वाट.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?" असं म्हणत लुंबिनी पाया पडायला वाकली.

शांतम्मानं पाय मागे ओढले. खुर्ची करकरली.

"नको बाई. पाया पडू नको. आधी ऐक."

तिनं पिशवीतून घडी घातलेलं पत्र काढलं आणि सृष्टीच्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं वाच."

सृष्टीनं वाचायला सुरुवात केली. तीन ओळी झाल्या आणि तिचा आवाज अडखळला. पत्र कंपनीचं होतं. सदर फिल्मचे मालक श्री. आनंदराज, पाटबंधारे खाते, देगलूर, यांच्या पत्नीचे काविळीने निधन झाले असून त्यांच्याजवळ तिचे दुसरे कोणतेही चित्र नाही. ते वारंवार विचारणा करीत आहेत. फिल्म आपल्याकडे राहिली असल्यास माणुसकीच्या नात्याने तात्काळ परत करावी. खाली तारीख होती, ऑगस्ट एकोणीसशे शहात्तर.

"हे पत्र मला पोचलं होतं," शांतम्मा म्हणाली. "रीळ माझ्यापाशीच होतं. पाठवलं मनून आमच्या मालकाला खोटं सांगितलं होतं, म्हणून आता कसं काढू, ही भीती होती. सासू खेळ बंद पाडंल, ही पण भीती. पण खरं सांगू का, मला ते सोडवंना. माझी लेक गेली होती. ह्यातली ही बाई लेकरू घिऊन माझ्याकडं चालत यायची. मी चोरी केली. चुकून ऱ्हायलं नव्हतं ते."

सृष्टी आजीकडे अशी बघत होती जणू आत्ताच कुणी अनोळखी बाई गाडीतून तिच्या शेजारी उतरली. लुंबिनी दोन पावलं मागे सरली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पप्पा चार वेळा मुंबईला गेले," ती म्हणाली. "चार वेळा. त्या कंपनीच्या दारात बसून राहिले. शेवटी ती कंपनी बंद झाली तरी पोस्टमनला विचारायचे. मी लहान असताना आरशात बघून विचार करायचे, माझं नाक तिचं असेल का." मग ती एकदम ओरडली, "तुम्हाला पत्ता माहीत होता!"

"होता."

"लुंबे," आनंदराज म्हणाले. पहिल्यांदाच बोलले. "रीळ आणलंय का त्यांनी?"

"आणलंय."

"मग आधी ते बघ."

सृष्टीनं चाचरत सांगितलं की दोन मार्ग आहेत. मुंबईला एक प्रयोगशाळा आहे, तिथे देता येईल. महिने लागतील, आणि फिल्म तोवर किती टिकेल ते कुणी सांगत नाही. नाहीतर इथेच चालवायची आणि मोबाइलवर टिपून घ्यायची. पण फिल्म आकसली आहे, यंत्रात अडकली तर दिव्याच्या उष्णतेनं जळेल.

"वस्तू तुमची हाय," शांतम्मा म्हणाली. "तुम्ही सांगा तसं करू."

लुंबिनीनं बापाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "पुन्हा पोस्टात मी टाकणार नाही," ती म्हणाली. "लावा."

खिडक्यांवर चादरी बांधल्या. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. शांतम्मानं डबा उघडला आणि तो आंबट वास खोलीभर झाला. फिल्म गोल वळायच्या ऐवजी कडेनं मुरडली होती. तिनं बोटांनी पहिला हातभर भाग सोडवला. तो कागदासारखा कडकड वाजला. यंत्राच्या दातेरी चाकात फिल्मच्या कडेची भोकं बसेनात. तिनं एक-एक भोक नखानं सरकवत बसवलं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, पण हात सोडून पुसता येत नव्हता. सृष्टीनं मोबाइल धरला.

दिवा लागला. भिंतीवर आधी पिवळट ओरखडे, मग अंगण.

"काय दिसतंय?" आनंदराजांनी विचारलं.

"भिंत," लुंबिनी म्हणाली. "झेंडा. पप्पा, आजी आहे! सूप घेऊन बसलीय. तोंडावर पदर घेतेय."

"लाजत होती ती. पुढं?"

शांतम्मा भिंतीकडे बघत नव्हती. तिची नजर यंत्रावर, एक बोट फिल्मच्या वळणाला लावलेलं. खटखट असा सरळ चालणारा आवाज मधूनच दोन ठोके चुकत होता. ठोका चुकला की ती वळण हलकेच दाबून धरायची आणि फिल्म पुन्हा पुढे सरकायची.

"शेळीचं पिल्लू. आता एक बाई पाठमोरी, रांजणातून पाणी काढतेय." लुंबिनीचा आवाज बारीक झाला. "पप्पा, ही का?"

"हिरवं लुगडं हाय का?"

"हो."

"तीच ती. धुरपता."

चित्र बदललं. दगडावर बसून म्हातारी पायांवर लेकराला न्हाऊ घालत होती. धुरपता वाकून तांब्यानं पाणी घालत होती. पदर खाली ओघळलेला, त्यामागे चेहरा झाकलेला. "वर बघ ना," लुंबिनी भिंतीला म्हणाली. "ए आई, एकदा वर बघ."

धुरपतानं तांब्या खाली ठेवला. ती वळायला लागली. तिचा कान दिसला, गालाची कड दिसली, आणि तेवढ्यात आवाज थांबला. चित्र जागच्या जागी गोठलं. गालाच्या कडेला एक तपकिरी ठिपका उमटला, तो फुगला, पसरला.

लुंबिनी किंचाळली. शांतम्मानं बटण शोधलं नाही. तिनं सरळ दिव्याच्या तापलेल्या पत्र्यावर हात घातला, झडप उचलली आणि फिल्म बाहेर ओढली. सृष्टीनं प्लग उपटला आणि खोलीत अंधार झाला. कातडी जळाल्याचा वास शिरक्यात मिसळला.

चादर काढून उजेडात पाहिलं. दोन चित्रं जळाली होती, तिथेच फिल्म तुटली होती. रिळावर अजून बारा-तेरा फूट फिल्म शिल्लक होती, पण तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. ओढले असते तर सुटले असते, नाहीतर भुगा झाला असता.

"आता हात लावायचा न्हाई," शांतम्मा म्हणाली. तळहातावर फोड आला होता, तो तिनं मुठीत लपवला. "हे मी चालवनार न्हाई. मारलं तरी न्हाई."

"चेहरा त्यातच आहे ना?" लुंबिनीनं विचारलं.

"त्यातच हाय."

लुंबिनी जमिनीवर बसली. ती रडली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. आनंदराजांनी काठी चाचपली, पण उठले नाहीत.

"किती वेळा बघितलं हो तुम्ही हे?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी एकदा. लेक गेली त्या तारखेला. आधी आधी जास्तच."

"पन्नास वर्षं." त्यांनी मान हलवली. "माझा तिचा संसार दीड वर्षाचा. तिला माझ्यापेक्षा जास्त तुम्हीच बघितलं, ताई."

त्यात राग होता की आणखी काही, शांतम्माला कळलं नाही. ती खाली मान घालून उभी राहिली.

"बसा," ते म्हणाले. "पुढचं सांगा. लेकीला कळू द्या, आई कशी होती."

शांतम्मा खाटेसमोर बसली. मग म्हणाली, "वळती ती. म्हातारीकडनं लेकरू घेती. लेकरू ओलंच हाय, ती पदरानं डोकं पुसती त्याचं. मग चालत येती. कपाळ रुंद, बारीक कुंकू. नाक सरळ न्हाई, जरा डावीकडं झुकलेलं." तिनं लुंबिनीकडे पाहिलं. "तुझ्यासारखंच. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना व्हट दाबून धरती, पण हसू मावत न्हाई. अगदी जवळ येती, काहीतरी बोलती, अन् हात पुढं करून सगळं झाकून टाकती. संपतं तिथं."

आनंदराजांचे ओठ हलत होते. "काय बोलली सांगू?" ते म्हणाले. "म्हणाली, बंद करा ते आता, चुलीवर दूध हाय." आणि ते हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. लुंबिनी उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

थोड्या वेळानं तिनं फ्रिजमधून बर्फ आणला आणि न बोलता शांतम्माच्या समोर ठेवला. चहा झाला. डबा लुंबिनीच्या कपाटात गेला. निरोप घेताना आनंदराजांनी हात जोडले. लुंबिनी दारापर्यंत आली नाही.

परतीच्या गाडीत लोह्याजवळ सृष्टीनं आजीचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि विचारलं, "बाबांना सांगायचं का?"

"मीच सांगते," शांतम्मा म्हणाली. आणि घरी पोचल्यावर तिनं सांगितलं. संगमेश म्हणाला, "अप्पांना कधीच कळलं नाही?" तिनं नाही म्हटलं. मलप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांना कळायला हवं होतं की नाही, हे तिला अजूनही उमगत नाही.

जूनमध्ये लुंबिनीनं स्वतः मुंबईला जाऊन चिकटलेलं रीळ प्रयोगशाळेत दिलं. दोन महिन्यांनी त्यातले अकरा सेकंद निघाले. हे शांतम्माला आनंदराजांनी फोनवर कळवलं. महिन्या-दोन महिन्यांनी ते फोन करतात. शेजारच्या कुणाकडून नंबर लावून घेतात. धुरपताच्या हातची भाकरी, तिचं माहेर, असलं काहीबाही सांगतात, आणि शांतम्मा ऐकते. लुंबिनी कधी फोनवर आली नाही.

"त्या अकरा सेकंदांत चेहरा आलाय म्हणे," सृष्टी एकदा म्हणाली. "मागून घेऊ का त्यांच्याकडून? एका मिनिटात येईल मोबाइलवर."

शांतम्मा शेंगा सोलत होती.

"नको," ती म्हणाली. "मागायचं न्हाई."